मला ते जग आवडलं. मी भित्री आहे का?

प्रिय ताई,

मी १४ वर्षांची आहे. आमचा सहा जणींचा पुस्तकगट आहे, आम्ही शनिवारी भेटतो. सध्या डिस्टोपियन, म्हणजे भविष्यातल्या भयंकर जगाच्या, कादंबऱ्यांचं वेड आहे. सगळ्यांच्या दप्तराला 'द हंगर गेम्स'मधल्या पक्ष्याचा बिल्ला आहे, माझ्याही. गेल्या शनिवारी 'द गिव्हर'वर बोलणं झालं. सगळ्या म्हणाल्या, किती भयंकर जग! मी म्हटलं, मला तर तिथे राहायला आवडेल. भांडणं नाहीत, उपाशी कुणी नाही, पुढे कोण व्हायचं ते दुसरं कुणीतरी नीट विचार करून ठरवतं आणि कुणी एकटं पडत नाही. मागच्या महिन्यात वर्गात प्रकल्पासाठी जोड्या करायला सांगितल्या. गटातल्या दोघी माझ्याच वर्गात आहेत, त्यांची जोडी झाली आणि मी उरले. तसं तिथे होत नाही. यावर एक जण म्हणाली, "तू म्हणजे अगदी मेंढी आहेस." सगळ्या हसल्या. मीही हसले. येत्या शनिवारी उरलेली चर्चा आहे. माझं मत बदललं असं सांगून टाकू का? आणि खरं सांगा, मी भित्री आहे का?

– मेंढी

प्रिय मैत्रिणी,

तू सही म्हणून जे नाव लिहिलंयस ते मी वापरणार नाही. भित्री माणसं पाच जणींसमोर वेगळं मत मांडत नाहीत. तू मांडलंस. शनिवारी मत बदललं असं सांगायचं का, याचं उत्तर: बदललं असेल तर सांग, नसेल तर सांगू नकोस. पण तुझं पत्र मी दोन-तीनदा वाचलं, आणि तुझ्याशी मला त्याहून बरंच जास्त बोलायचं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, ते जग तुला आवडलं यात तुझं वाचन चुकलेलं नाही. लोइस लोरी यांनी ते जग आवडावं असंच रचलं आहे. कादंबरी १९९३ साली आली, पुढच्या वर्षी तिला बालसाहित्यासाठीचं अमेरिकेतलं न्यूबरी पदक मिळालं. ते स्वीकारताना केलेल्या भाषणात लोरींनी आपल्या लहानपणाची एक आठवण सांगितली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर वडिलांच्या नोकरीमुळे त्या ११-१२ वर्षांच्या असताना टोकियोत राहत होत्या, पण राहत होत्या त्या कुंपणाआडच्या अमेरिकन वसाहतीत. घरं अमेरिकन, शेजारी अमेरिकन, वाचनालयही अमेरिकन. लहानगी लोइस सायकल काढून फाटकाबाहेर पडायची आणि शिबुया भागाच्या गजबजाटात हिंडून यायची. पुढे मोठेपणी तिने आईला विचारलं, आपण तिथेच का राहिलो? आईचं म्हणणं असं, की तिथे सोय होती, ओळखीचं वातावरण होतं आणि सुरक्षित वाटायचं. ही आई कुणी दुष्ट बाई नव्हती, लेकरांची काळजी घेणारी होती. कादंबरीचा नायक जोनास याच्या गावाची वीट न् वीट याच काळजीतून रचलेली आहे. म्हणून ते गाव वाचताना अंगावर काटा येत नाही, उलट बरं वाटतं. बरं वाटल्याचं तू कबूल केलंस, एवढंच.

आता एक काम कर. तेरावं प्रकरण पुन्हा काढ. त्या गावात कुणालाच रंग दिसत नाहीत. जुन्या जगाच्या आठवणी जपणारा गिव्हर त्या जोनासला देतो आणि त्याला रंग दिसायला लागतात, तेव्हा तो आधी चिडतो: सगळंच सारखं असेल तर निवडायला उरतं काय? सकाळी उठून आज निळा अंगरखा घालू की लाल, हे मला ठरवायचंय, असं तो म्हणतो. मग गिव्हर त्याला हळूहळू पुढे नेतो. आणि माणसांनी जोडीदार स्वतः निवडला तर? काम स्वतः निवडलं तर? आणि चुकीचं निवडलं तर? जोनास घाबरतो. लोकांना चुकीच्या निवडीपासून वाचवायलाच हवं, असं तो स्वतःच बोलून जातो, आणि हेच जास्त सुरक्षित आहे यावर दोघांचं एकमत होतं. म्हणजे तुझ्या मैत्रिणी ज्याला बंडखोर म्हणून डोक्यावर घेतात, त्याने अर्ध्या पुस्तकात तुझीच बाजू मांडलेली आहे. मात्र त्या बोलण्यानंतर त्याला आत काहीतरी खुपत राहतं, आणि काय खुपतंय ते त्याला सांगता येत नाही. त्या खुपण्याचा माग काढत पुढचं पुस्तक चालतं. तू बहुधा तेराव्या प्रकरणाशी थांबलीस आणि तुझ्या मैत्रिणी ते न वाचताच शेवटाला पोचल्या. दोघींचंही वाचन अर्धवट झालं, असं मला वाटतं.

ते खुपणं कुठून येतं, हे बघायला मी तुला पुस्तकातला एक छोटा प्रसंग दाखवते. पटकन वाचलं तर तो हातातून निसटतो, म्हणून जरा सावकाश सांगते. बारा वर्षांच्या मुलांना कामं नेमून देण्याचा समारंभ चाललेला आहे. प्रमुख बाई जोनासचा मित्र अ‍ॅशर याच्याविषयी गमतीने एक किस्सा सांगतात. अ‍ॅशर तीन वर्षांचा असताना खाऊच्या वेळी त्याला भारी घाई व्हायची, आणि 'स्नॅक' म्हणायच्या ऐवजी त्याच्या तोंडून 'स्मॅक' निघायचं. त्या गावात शब्द अचूकच वापरावा लागतो. मग काय, फटका मागितलास ना, घे फटका. दरवेळी छडी, आधी हातावर, मग पायांवर वळ उठेपर्यंत. पोर गोंधळलं, पुन्हा चुकलं, पुन्हा छडी. असं करता करता अ‍ॅशर बोलायचाच बंद झाला. बाई पुढे सांगतात की शेवटी तो शिकला, आता बघा किती छान बोलतो. आणि सभागृह हसतं. प्रेमाने हसतं. अ‍ॅशरसुद्धा त्या सगळ्यांच्या समोर हसऱ्या चेहऱ्यानेच उभा असतो.

तीन वर्षांच्या मुलाने भीतीने बोलणं सोडलं, आणि ती गोष्ट सगळ्या गावाला गमतीची वाटते. त्या जगात काय हरवलं आहे, ते लोरींनी या एका पानात सांगून ठेवलंय. तिथे कुणी क्रूर नाही. फक्त दुसऱ्याला दुखलं हे ओळखण्याची सवय मोडली आहे. तुझ्या पत्रातलं "मीही हसले" हे वाक्य वाचलं तेव्हा मला अ‍ॅशर आठवला. तुझं बोलणं अजून थांबलेलं नाही, तू मला पत्र लिहिलंस. पण शनिवारी तू जे करायचा विचार करतेयस ना, मत बदललं म्हणून सांगून मोकळं व्हायचं, ती त्या थांबण्याची सुरुवात होऊ शकते, म्हणून मला काळजी वाटते.

आता तुझ्या उरण्याबद्दल. पत्रात ते तू एका ओळीत उरकलंस, पण सगळं पत्र त्या ओळीवर उभं आहे असं मला वाटलं. जवळच्या दोघींनी एकमेकींना निवडावं आणि आपण तसंच उभं राहावं, हे किती लागतं ते कुणाला पटवून द्यायची गरज नाही. अशा वेळी कुणीतरी मोठ्यांनी सगळ्यांच्या जोड्या आधीच ठरवून ठेवलेल्या असाव्यात असं वाटलं तर त्यात लाज कसली? जिथे कुणी उरतच नाही अशा जागेची ओढ फार खरी आहे.

पण जोनासच्या गावात कुणी उरत नाही ते कशामुळे, हे एकोणिसाव्या प्रकरणात आहे. जुळी मुलं जन्मतात. सारखं दिसणारी दोन माणसं गावात चालत नाहीत, तेव्हा एक ठेवायचं. जोनासचे वडील दोघांचं वजन करतात. जे हलकं भरतं, त्याच्या कपाळावरच्या शिरेत सुई टोचतात, आणि हे करताना त्याच्याशी लाडाने बोलत असतात. गावात ज्याला 'मुक्त करणं' म्हणतात ते म्हणजे काय, हे जोनासला तेव्हा कळतं. आणि हाच बाप गेब्रिएल नावाच्या अशक्त बाळाला जरा जास्त वेळ मिळावा म्हणून परवानगी काढून रोज रात्री घरी आणतो, हे विसरू नकोस. तो प्रेमळ आहे. आपण काय करतोय याचा विचार करण्याची वेळ त्याच्यावर आयुष्यात कधी आलेली नाही, इतकंच. त्या गावाने उरण्याचं दुःख नाहीसं केलं ते उरणाऱ्यालाच नाहीसं करून. तुझ्या वर्गातल्या त्या दिवशी तू तिथे असतीस तर तुझ्यासाठी जोडी शोधली गेली नसती.

शिवाय दुःख खरोखर संपलं आहे का? तेही नाही. सगळ्या गावाच्या वाटचं दुखणं एका माणसाच्या अंगावर टाकलंय. तो म्हातारा गिव्हर वेदनेने वाकलेला असतो, आणि त्याच्यानंतर ते ओझं एका बारा वर्षांच्या मुलाने उचलायचं असं ठरलेलं असतं. मोडलेल्या पायाची आठवण मिळाल्यावर जोनास लंगडत घरी जातो. घरचे सगळे त्याच्या आसपास असतात, पण त्याला काय होतंय हे त्यातल्या एकालाही कळू शकत नाही. त्याच्याइतकं एकटं मूल मी दुसऱ्या कुठल्या पुस्तकात क्वचितच पाहिलंय.

आता तुझ्या मैत्रिणींविषयी. त्यांच्यावर रागावू नकोस, त्या चांगलं काहीतरी शोधतायत. मात्र बंडाचं चिन्ह सहाच्या सहा दप्तरांवर असावं आणि वेगळं बोलणारीला मेंढी म्हणावं, हे 'द हंगर गेम्स'च्या लेखिका सुझन कॉलिन्स यांनी वाचलं असतं तर त्यांना ओळखीचं वाटलं असतं. कारण त्यांनी हेच लिहून ठेवलंय. पहिलं पुस्तक २००८ चं, तिसरं 'मॉकिंगजे' २०१० चं. तिसऱ्यात नायिका कॅटनिस बंडखोरांच्या गोटात पोचते, जिल्हा १३ मध्ये. तिथे काय दिसतं? सगळ्यांना करडे कपडे. रोज सकाळी भिंतीतल्या यंत्रात हात घालायचा की दिवसभराचं वेळापत्रक जांभळ्या शाईत हातावर उमटतं. कॅटनिसला सजवणारी माणसं, जी राजधानी कॅपिटॉलच्या चैनीत वाढली आहेत, त्यांनी जास्तीचा पाव घेतला म्हणून त्यांना साखळदंडाने बांधून ठेवलेलं तिला सापडतं. आणि खुद्द कॅटनिसला कॅमेऱ्यासमोर उभं करून, तयार घोषणा हातात देऊन म्हणतात, बोल. तिला ते जमत नाही. घोषणा खोटी वाटते, ती लाकडासारखी उभी राहते. इस्पितळातल्या जखमींमध्ये गेल्यावर मात्र तिला कुणी शब्द द्यावे लागत नाहीत.

तुमच्या दप्तरांवरचा तो पक्षी तिच्याकडून इतका वापरून घेतला गेला, की शेवटच्या पुस्तकात तिचा बाण कुठे वळतो ते मैत्रिणींना आठवत असेलच. त्यांना विचार, तो तिथे का वळला? तासभर बोलाल.

बिल्ला काढून टाकू नकोस, आवडतो तर राहू दे. मैत्रिणींसारखं काही घातलं म्हणून कुणी कळपातलं होत नाही. तुझ्या वयात, खरं तर कुठल्याही वयात, आपल्या माणसांसारखं दिसावंसं वाटतं, त्यात मायाच असते. वेगळं दिसण्याचा आटापिटा करणाऱ्यांना मी काही जास्त स्वतंत्र मानत नाही. या कादंबऱ्यांमधल्या खऱ्या वळणांवर कपड्यांचा संबंध येतच नाही. कॅटनिस बंड करायला निघाली नव्हती, जीवघेण्या खेळासाठी काढलेल्या चिठ्ठीत धाकट्या बहिणीचं नाव आलं म्हणून तिच्याऐवजी पुढे झाली. जोनास गाव सोडतो तोही एका बाळाला वाचवायला. दोघांच्याही डोळ्यांसमोर एक ठरावीक माणूस आहे. मला ही पुस्तकं आवडतात ती यामुळे.

आणि जी आवडत नाहीत, किंवा अर्धवटच आवडतात, ती का, तेही सांगते. काही कादंबऱ्यांत नायिका जन्मतःच निराळी असते. बाकीचे साच्यातले, ती एकटी साच्याबाहेरची. व्हेरॉनिका रॉथ यांच्या 'डायव्हर्जंट'मध्ये सोळाव्या वर्षी सगळ्यांना पाच गटांतला एक निवडायचा असतो आणि नायिका चाचणीत कुठल्याच एका गटात बसत नाही. वाचायला सुरेख वेग आहे त्याला. पण असं पुस्तक वाचकाच्या कानात सांगत राहतं की तू त्या निराळ्यांपैकी आहेस, मेंढ्या त्या इतर सगळ्या. २०११ मध्ये ते आलं, आणि माणसांच्या वाटण्या करू नका असं सांगणाऱ्या त्या गोष्टीचे कितीतरी वाचक आपण पाचातल्या कुठल्या गटात बसतो याच्या चाचण्या आवडीने सोडवत बसले. तुझ्या मैत्रिणीने 'मेंढी' हा शब्द उचलला तो या हवेतूनच, असा माझा अंदाज आहे. तिला कदाचित स्वतःचीच भीती वाटली असेल.

आता शनिवार. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांचा एक प्रयोग आहे, १९५१ साली प्रसिद्ध झालेला. एका खोलीत काही जण बसवले. त्यांना एक रेघ दाखवायची, आणि शेजारच्या तीन रेघांपैकी तिच्याएवढी कोणती ते विचारायचं. उत्तर लहान मूलही देईल इतकं उघड. पण एक जण सोडून बाकी सगळे प्रयोगवाल्यांना सामील होते आणि मधूनमधून ठरवून चुकीचं उत्तर देत होते. तो बिचारा एकटा काय करतो, ते बघायचं होतं. सुमारे तीन चतुर्थांश माणसांनी निदान एकदा तरी इतरांच्या मागे जाऊन चुकीचं उत्तर दिलं. पुढच्या फेऱ्यांमध्ये अ‍ॅश यांनी सामील लोकांपैकी एकाच माणसाला खरं उत्तर द्यायला सांगितलं. बस, तेवढ्याने मागे जाणाऱ्यांचं प्रमाण धाडकन खाली आलं.

तुझ्या गटात सहा जणी आहेत. तुझ्यासारखंच वाटणारी आणखी एखादी असण्याची शक्यता खूप आहे. गेल्या शनिवारी तीही हसली असेल. तू मत मागे घेतलंस तर तिला कधीच कळणार नाही की ती एकटी नाही.

भाषण करू नकोस. तेराव्या प्रकरणातलं ते पान मोठ्याने वाच आणि म्हण, जोनासलाही आधी हेच वाटलं होतं, तुमच्यापैकी कुणाला वाटलं का? मग थांब. लगेच कुणी बोललं नाही तरी मध्ये बोलू नकोस. नंतर तुझा दुसरा प्रश्न ठेव: त्या जगातली एक गोष्ट आपल्या जगात आणता आली, तर कुठली आणाल? कुणी उपाशी नाही, हे कुणीतरी म्हणेलच. म्हातारी माणसं एकटी नाहीत, हेही. रोज संध्याकाळी घरातले सगळे बसून दिवसभरात काय वाटलं ते एकमेकांना सांगतात, हे मला स्वतःला हवंसं वाटतं, फक्त तिथे ते नियम म्हणून करतात आणि भावना पटकन पुसून टाकायला करतात. मग विचारा, ही गोष्ट त्या गावाने दिली तशी किंमत न देता आणता येईल का? इथे तुझं मत बदलेलही. बदललं तर तेव्हा, सगळ्यांदेखत बदलू दे. ते तुझं असेल.

मेंढी म्हणणारीशी गटात वाद घालू नकोस. तिला एकटीला गाठ आणि सांग, "मी हसले, पण मला लागलं." इतकंच. तिने माफी मागितली नाही तरी चालेल, पण तिला माहीत असायला हवं. मॅडलिन लेंगल यांच्या १९६२ मधल्या 'अ रिंकल इन टाइम'मध्ये कॅमझॉट्झ नावाचा ग्रह आहे. तिथे रस्त्यावरच्या घरांसमोर मुलं एकाच ठेक्यात खेळत असतात, कुणी दोरीवर उड्या मारत, कुणी चेंडू आपटत, आणि चेंडू आपटणाऱ्या एका मुलाचा ठेका चुकतो. त्याची आई भीतीने पांढरीफटक होते, त्याला ओढून आत नेते, आणि पडलेला चेंडू परत द्यायला आलेल्यांना सांगते की इथल्या मुलांच्या हातून चेंडू पडतच नाही. तुमच्या गटात हसण्यावारी नेलेली गोष्ट तशीच दाराआड राहू नये असं मला वाटतं. आणि हो, पुढचं पुस्तक म्हणून तुम्ही हेच घ्या. यातली नायिका मेग हट्टी आहे, चिडकी आहे, वर्गात कुठेच नीट बसत नाही, आणि मोठ्या संकटात जाताना तिला तिचे दोषच शिदोरी म्हणून दिले जातात.

राहिल्या वर्गातल्या जोड्या. जोनासच्या गावात एखादा नियम बदलायचा तर तो अभ्यासासाठी समितीकडे जातो, आणि समितीचा निर्णय होईपर्यंत तिचे सदस्य गावाचा कारभार बघणारे ज्येष्ठ झालेले असतील असं लोक गमतीने म्हणतात. तुझ्या वर्गात तेवढं अवघड नसावं. शिक्षकांना मधल्या सुट्टीत एकटी भेट आणि विचार, पुढच्या वेळी जोड्या चिठ्ठ्या टाकून कराल का, आणि मुलांची संख्या विषम असेल तर एक गट तिघांचा कराल का? आपण उरलो होतो हे सांगायचं की नाही ते तू ठरव. मी तुझ्या जागी असते तर सांगितलं असतं. पण हे शनिवारच्या आधी कर, म्हणजे शनिवारी बोलायला बसशील तेव्हा ते मनातून उतरलेलं असेल.

तुझी,
ताई